गुडघा, ग्राउंड आणि भरतीची तारीख

कापसाच्या वेचण्या सरत आल्या आणि पोलीस भरतीची जाहिरात निघणार अशी कुणकुण लागली, की मानवतमधून परभणीकडे आणि पाथरीकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेनं पहाटे पळणारी पोरं वाढतात. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं आणि ५० पैकी २० गुण या एकाच धावेला आहेत. इकडे शाळांच्या मैदानांवर चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांची कबड्डी-खो-खोची तयारी चालते. या सगळ्यांकडून कधी ना कधी एकच तक्रार येते, "सर, गुडघा दुखायलाय." त्यावर काय करायचं याबद्दल मात्र दोन टोकांची मतं आहेत, आणि दोन्हींच्या मागं अनुभव आहे.

ती दोन मतं मी इथं समोरासमोर बसवली आहेत. एक आहेत सारी नोकरी मैदानावर घालवलेले क्रीडाशिक्षक. दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, एकेकाळी खो-खो खेळलेली, आता फिजिओथेरपिस्ट. माणसं कल्पनेतली आहेत, वाद रोजचा आहे.

"हे बघ पोरी," सरांनी सुरुवात केली, "मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो, दुखणार. मांडी दुखणार, पोटरी दुखणार, गुडघा दुखणार. आठ दिवसांत अंग मोकळं होतं. प्रत्येक दुखण्याला दवाखाना दाखवला तर संघ कधी उभा राहायचा?"

"सर, पोरगं गुडघा दुखतो म्हणालं की तुम्ही त्याला बोटानं दाखवायला लावता का? नेमकं कुठं?"

"गुडघा म्हणजे गुडघा. त्यात कुठं काय?"

"त्यातच सगळं आहे. तेरा-चौदा वर्षांचं पोरगं वाटीच्या खाली, नडगीच्या हाडावर आलेल्या टेंगळावर बोट ठेवतं. वीस वर्षांचा भरतीवाला वाटीभोवती हात फिरवतो आणि म्हणतो, जिना उतरताना किंवा उकिडवं बसून उठताना दुखतं. रस्त्यानं पळणारा एखादा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दाखवतो. आणि एखादी मुलगी म्हणते, दुखत फारसं नाही, पण वळताना गुडघा निसटतो. ही चार वेगळी दुखणी आहेत. चौघांना तुम्ही एकच क्रेप बँडेज गुंडाळता आणि एकच मलम देता."

टेंगळाचं नाव निघाल्यावर सर सावरून बसले. ते त्यांनी अनेक पोरांच्या पायावर पाहिलेलं होतं. गावात कुणी त्याला पाणी झालं म्हणतं, कुणी हाड वाढलं म्हणतं, आणि घरचे घाबरून जातात.

"त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात," ती म्हणाली. "अमेरिकेतल्या ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमधल्या श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं, म्हणून दोघांचं नाव. या वयात हाड झपाट्यानं लांबतं. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या वरच्या टोकाला जिथं धरतो, तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं, कूर्चाच असते. ओल्या मातीत रोवलेल्या खुंटाला बैल बांधावा तसं होतं. पोरगं जितकं उड्या मारतं, पळतं, उठबस करतं, तितका तो खुंट ओढला जातो. खो-खोत तर चौकात उकिडवं बसायचं आणि खो मिळाला की झटक्यात उठून पळायचं. मुलींना हे थोडं आधी होतं, मुलांना वर्ष-दोन वर्षं उशिरा. उंची वाढायची थांबली, हाड पक्कं झालं की बहुतेकांचं दुखणं आपोआप जातं. टेंगूळ कधी कधी राहतं, त्यानं बिघडत नाही."

"आपोआप जातं ना? मग मी काय वेगळं सांगतोय?"

"जाईपर्यंतचं वर्ष-दीड वर्ष त्या लेकरानं काय करायचं, तिथं आपलं वेगळं आहे."

"आता तू म्हणणार, खेळ बंद."

ती बोलायच्या आत सरांनी एक प्रसंग सांगितला. त्यांच्या शाळेतली सातवीतली मुलगी, जिल्ह्याला निवड होण्याइतकी चपळ. गुडघा दुखतो म्हणून वडिलांनी एका दवाखान्यात नेलं. चिठ्ठीवर लिहून आलं, सहा महिने खेळ बंद. सहा महिन्यांत गुडघा बरा झाला, पण वडिलांनी तिला मैदानावर परत पाठवलं नाही. नववीत ती आईबरोबर वेचणीला जायला लागली.

"मुलाला विश्रांती दिली तर तो परत येतो," सर म्हणाले. "मुलीला विश्रांती दिली की घरच्यांना निमित्त मिळतं. हाफ पँट घालून खेळायला लावण्यासाठी मी त्या बापाच्या दारात किती वेळा गेलो असेन. तुमच्या एका ओळीनं सगळं पुसलं. मग मी दुखणं सोस म्हणतो, तर चूक करतो का?"

या संवादातला सर्वांत वजनदार मुद्दा मला हाच वाटतो. वैद्यकाच्या पुस्तकात विश्रांतीचा दुष्परिणाम म्हणून तो सापडायचा नाही, पण मराठवाड्यातल्या मुलीच्या बाबतीत तो दुष्परिणामच आहे.

"नाही सर, त्या बाबतीत तुमचं खरं आहे," ती म्हणाली. "आणि वैद्यकाच्या बाजूनंही ती चिठ्ठी चुकलेलीच होती. या दुखण्यात पूर्ण बंद ठेवायची गरज बहुतेक वेळा नसते. मी दहापैकी गुण द्यायला लावते. खेळताना दुखणं तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना पूर्वीसारखंच वाटलं, तर खेळू द्या. पाचच्या वर गेलं, लंगडायला लागलं किंवा सकाळी जास्त दुखलं, तर त्या आठवड्यातल्या उड्या आणि पळणं निम्म्यावर आणा. पण मैदानावर येऊ द्या. खांब मारण्याचा सराव हळू चालीनं करू द्या, भिंतीला पाठ टेकून बसायचा व्यायाम करू द्या. मी आता चिठ्ठीवर नुसतं 'विश्रांती' कधीच लिहीत नाही. काय करायचं ते आधी लिहिते."

"हे तू त्या डॉक्टरांना सांग."

"सांगते. तुम्ही भरतीच्या पोरांना सांगा."

इथून बोलणं भरतीवर आलं आणि आवाज जरा चढले. सरांचं म्हणणं रोखठोक होतं. वय निघून जातं. या भरतीत राहिलं की पुढची कधी निघेल याचा भरवसा नाही. घरी दोन-चार एकर कोरडवाहू, बहिणीचं लग्न तोंडावर. असं पोरगं दहापैकी तीन आणि पाच मोजत बसेल का?

"बसणार नाही, हे मला माहीत आहे. पण त्याचा गुडघा पळण्यानं दुखत नाही सर, अचानक पळण्यानं दुखतो. आठ महिने पळणं नाही आणि जाहिरात आली की दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहा-सात किलोमीटर आणि संध्याकाळी पुन्हा ग्राउंड. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. हाडाला आणि स्नायूबंधांना महिने लागतात. दम टिकायला लागतो, म्हणून पोरगं आणखी पळतं, आणि नेमकं तेव्हा नडगी दुखायला लागते. सैन्याला हे फार जुनं माहीत आहे. प्रशियाच्या फौजेतल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरनं १८५५ सालीच कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांबद्दल लिहून ठेवलं होतं. पुढं क्ष-किरण आल्यावर कळलं, की ती हाडाला गेलेली बारीक चीर होती. आपल्या पोरांनाही तीच चीर जाते. नडगीवर एका बोटाएवढ्या जागी दाबलं की कळ येते, रात्री ठणकतं. तिथं मात्र मी पळणं पूर्ण थांबवते. सहा ते आठ आठवडे. चिरेवर पळालं तर हाड मोडतं, आणि मग ही भरतीही जाते आणि पुढचीही."

"आणि पळायचं कुठं? आपल्याकडची काळी माती. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल. म्हणून पोरं डांबरावर जातात."

"जातात, आणि रोज रस्त्याच्या एकाच कडेनं जातात. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. एक पाय सतत खालच्या अंगाला पडतो. बाहेरच्या बाजूनं गुडघा दुखणाऱ्यांना मी आधी हेच विचारते."

गुडघ्यापेक्षा मोठा धोका सरांना माहीत होता. २०२५ च्या जानेवारीत बीड-परळी रस्त्यावर पहाटे भरतीचा सराव करणारी तीन तरुण पोरं एसटी बसखाली गेली. मैदान नसल्याची किंमत ही पोरं अशी मोजतात. तालुक्याच्या गावाला चारशे मीटरची साधी मातीची, पाणी मारून रोलर फिरवलेली धावपट्टी असणं ही चैन आहे असं मला वाटत नाही. कृषी विद्यापीठ असलेल्या जिल्ह्यात मातीचा अभ्यास करणारी माणसं तर नक्कीच आहेत.

सरांनी मग आपला हुकमाचा पत्ता काढला. "अविनाश साबळे. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातलं, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचं पोरगं. त्याला कुणी फिजिओ दिला होता लहानपणी? शाळेला पायी जायचा-यायचा. तसाच घडला. २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये सुवर्ण. आपली परभणीची ज्योती गवते, २०१७ ला मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली. ही माणसं सोसूनच मोठी झाली."

"दोघांबद्दल मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण अविनाश स्टीपलचेसकडे वळला २०१७ ला, सैन्यात असताना, बावीस-तेवीसच्या वयात. हाडं पक्की झाल्यावर. तेराव्या वर्षी त्याला कुणी अडथळ्यांवरून उड्या मारायला लावल्या नव्हत्या. आणि पुढचंही सांगा ना. २०२५ च्या जुलैत मोनॅकोला पाण्याच्या अडथळ्यावर त्याचा गुडघा दुखावला. आतलं लिगामेंट आणि दोन हाडांमधली गादी, दोन्ही. तो काय सोसत बसला का? मुंबईत शस्त्रक्रिया करून घेतली, टोकियोची जागतिक स्पर्धा सोडली. देशातला सगळ्यात चिवट धावपटू जर गुडघ्यासाठी जागतिक स्पर्धा सोडतो, तर आपल्या पोरानं तालुक्याची स्पर्धा सोडली तर त्याला भित्रं का म्हणायचं?"

सर गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "भित्रं मी म्हणत नाही. पोरं एकमेकांना म्हणतात."

"तुम्ही थांबवलं तर थांबेल ते."

आतल्या लिगामेंटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तालुक्याच्या पातळीवर सर्वांत जास्त नुकसान इथंच होतं. मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांवरून घसरू नये म्हणून सांध्याच्या आत तिरपा बसलेला हा बंध असतो. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. तो तुटायला समोरचा गडी अंगावर पडावा लागतोच असं नाही. बहुतेक वेळा पाय जमिनीला चिकटलेला असतो, अंग वळतं आणि गुडघा आत जातो. खेळाडूला आत 'कट्' असं काहीतरी जाणवतं आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो, कारण आत रक्त साचतं. कबड्डीत हे हमखास घडण्याजोगं आहे. पोरं वर्षभर मातीवर अनवाणी खेळतात आणि मोठ्या स्पर्धेत एकदम मॅटवर, बुटात उतरतात. मातीत पाय सरकतो, मॅटवर धरून ठेवला जातो. मग अंग फिरतं आणि पाय फिरत नाही.

"असा गुडघा फुगला की तुम्ही काय करता, सर?"

"आपल्याकडं मालिश करणारे जाणते लोक आहेत. ओढून बसवतात. वर आंबेहळद आणि रक्ताबोळाचा लेप."

"लेपानं फारसं बिघडत नाही. ओढण्यानं आणि चोळण्यानं बिघडतं. रक्तानं भरलेल्या सांध्याला पहिले दोन-तीन दिवस कुणीही चोळू नये, शेकू नये. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, हलकं बँडेज, पाय उशीवर, आणि परभणीला हाडाच्या डॉक्टरांकडं. काय होतं सांगते. तीन आठवड्यांत सूज उतरते, पोरगं चालायला लागतं, सगळे म्हणतात बरा झाला. ते परत चढाईला जातं, गुडघा निसटतो, आणि या वेळी आतली गादी फाटते. लिगामेंट नवं बसवता येतं. फाटलेल्या गादीचा जो भाग काढून टाकावा लागतो, तो परत मिळत नाही. विशीत गादी गेलेल्या माणसाचा गुडघा चाळिशीत म्हाताऱ्याचा होतो."

"आणि शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने बसायचं. वर्ष गेलं. राज्याचं सर्टिफिकेट गेलं. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्या एका कागदासाठी ही पोरं जीव टाकतात."

"बसायचं नाही, नऊ महिने कमवायचं. नॉर्वेतल्या अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांच्या आत परतलेल्यांत पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं महिन्या-महिन्यानं पुढं ढकललं, तितका धोका दर महिन्याला जवळपास निम्म्यानं कमी होत गेला. एका वर्षाचं सर्टिफिकेट वाचवायला गेलेला पोरगा पुढची तीन वर्षं घालवतो. मुलींना तर हा धोका मुलांपेक्षा दुपटीहून जास्त. उडी मारून जमिनीवर येताना त्यांचे गुडघे आत वळतात, ते दुरुस्त करता येतं. पण आधी, तुटल्यावर नाही."

या जागी मी सरांच्या बाजूनं बोलणार नाही. निवड चाचणीच्या सकाळी दुखऱ्या पोराला वेदनाशामक इंजेक्शन देऊन मैदानात उतरवण्याची पद्धत गावोगावी आहे, आणि सरांनी ती नाकारली नाही. दुखणं हा शरीराचा निरोप आहे, तो बंद केला तरी इजा चालूच राहते. शिवाय उन्हात, पाणी न पिता, अशा गोळ्या-इंजेक्शनांवर लांब पळणं मूत्रपिंडालाही धोक्याचं असतं. अठरा-वीस वर्षांच्या पोराचा शरीरावरचा हक्क भरतीच्या तारखेपेक्षा मोठा आहे.

"बरं, आधी म्हणजे काय करायचं?" सरांनी विचारलं. प्रश्नात थोडी कुरबुर होती. "माझा तास पस्तीस मिनिटांचा. साठ पोरं. साहित्य काय, तर दोन चेंडू आणि एक दोरी."

"दोरीही नको. तुम्ही सुरुवातीला मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावता, तो वेळ मला द्या. एका पायावर तोल सांभाळून उभं राहायचं. दोन्ही पायांनी उडी मारून मऊ उतरायचं, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, आवाज कमीत कमी. जोडीदारानं घोटे धरायचे आणि गुडघ्यावर उभं राहून अंग सरळ ठेवून हळूहळू पुढं झुकायचं. पायरीवर टाचा वर-खाली. कुशीवर आडवं, कोपरावर अंग उचलून धरायचं. फुटबॉलवाल्यांनी असा वीस मिनिटांचा क्रम बसवला आहे. तेरा ते सतरा वर्षांच्या नॉर्वेच्या मुलींवर तो करून पाहिला, निकाल २००८ साली छापून आला. एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशानं घटल्या, गंभीर दुखापती तर जवळपास निम्म्या झाल्या. त्या मुलींच्या आणि आपल्या मुलींच्या गुडघ्यात फरक नाही."

"जेवणात आहे."

"आहे, आणि ते तुम्ही बोललात हे बरं झालं. रक्त कमी असलेली मुलगी लवकर थकते, आणि थकलेल्या पायाचा गुडघा आत जातो. सराव वाढला आणि खाणं तेवढंच राहिलं, तर मुलींची पाळी थांबते आणि हाडं ठिसूळ होतात. तुम्हाला विचारायला संकोच वाटतो हे कळतं मला. शाळेतल्या बाईंना विचारायला सांगा. तीन महिने पाळी नाही असं कळलं, तर ती बाब गुडघ्याइतकीच तातडीची आहे."

आणखी दोन गोष्टी तिनं घाईघाईनं सांगितल्या, पण त्या प्रत्येक पालकानं लक्षात ठेवाव्यात. बारा-चौदा वर्षांचं, विशेषतः अंगानं जड पोरगं गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल आणि गुडघ्यात काही सापडत नसेल, तर खुबा तपासून घ्यावा. खुब्याचं हाड घसरलेलं असलं तरी कळ गुडघ्यात येते, आणि उशीर झाला तर खुबा कायमचा बिघडतो. दुसरी गोष्ट, मार न लागता आलेली सूज, रात्री झोपेतून उठवणारी कळ, ताप किंवा आठवडेच्या आठवडे वाढत जाणारं दुखणं. क्वचित का होईना, वाढत्या वयात हाडाची गाठ बहुधा गुडघ्याच्या आसपासच होते. अशा वेळी लेप नको, मालिश नको, लगेच एक्स-रे.

सर उठता उठता म्हणाले, "तुझं सगळं पटलं असं नाही. खेळात थोडं सोसावंच लागतं, हे मी सोडणार नाही."

"सोडू नका. मीही सोसूनच खेळले, तुमच्याच हाताखाली. फक्त पोरगं दुखतंय म्हणालं की आधी बोट ठेवायला सांगा."

दोघांपैकी कुणी पूर्ण हरलं नाही, पण माझा कौल मी देतो. वाढत्या वयातल्या बहुतेक गुडघ्यांना बंदी नको, मोजमाप हवं, इथं सरांची भीती आणि तिचं शास्त्र एकाच बाजूला येतात. फुगलेल्या गुडघ्याच्या आणि हाडाच्या चिरेच्या बाबतीत मात्र सरांनी तिचं ऐकलंच पाहिजे.

आणि मानवतच्या शाळांना, पालकांना एक विनंती. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तालुक्याच्या शालेय स्पर्धांच्या दिवशी तिथला एक हाडांचा डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट मैदानावर हजर असावा, असं पत्र शाळांनी एकत्र येऊन द्यावं. पत्राला पैसे लागत नाहीत. पुढच्या हंगामाच्या आधी ते जायला हवं.